मुजावर मॅडम आणि आप्पांची पोथी

व्याख्यान संपून प्रश्नोत्तरं सुरू झाली की मुजावर मॅडम पहिल्या रांगेतून उठायच्या आणि थेट सभागृहाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. मधेच सटकणाऱ्याला त्या दंडाला धरून परत आत आणत. "बसा की पावणं! एवढ्या वर्षांमागं मेलेला कवी आज तुमच्यासाठी उठून आलाय, आन् तुम्ही त्याला सोडून चहाला चाललाय व्हय?" माणूस ओशाळून बसायचा. एकदा एका विभागप्रमुखांनाही त्यांनी असंच बसवलं होतं.

कोल्हापूरच्या आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात दर हिवाळ्यात अभिजात साहित्याचा सप्ताह व्हायचा. संध्याकाळी व्याख्यानं आणि दिवसभर खालच्या दालनात काचेच्या पेट्यांतून जुन्या ग्रंथांचं प्रदर्शन. मॅडम हस्तलिखित विभागाच्या प्रमुख आणि मी त्यांची सहायक. त्या मूळच्या जयसिंगपूरच्या. वडील शिंपीकाम करायचे. मॅडमनी संस्कृत घेऊन एम.ए. केलं होतं, पण बोलणं अस्सल गावाकडचं. इकडच्या बायका बोलतात तसं, स्वतःबद्दल 'मी येतो, मी करतो' असंच. "मुजावर आणि संस्कृत?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "का वो? व्याकरण काय जात विचारून शिकवत्यात?"

आजऱ्याजवळच्या एका गावात आप्पा देसायांच्या घरी जुनी पोथी आहे, असं त्यांना एका विद्यार्थ्याकडून कळलं. त्या तिकडे दोनतीनदा जाऊन आल्या. आप्पा भातशेती करणारे, ऐंशीच्या घरातले. पोथी त्यांच्या पणजोबांच्याही आधीची. स्वयंवराची कथा, ओवीबद्ध, आणि मॅडमना ती कुठेच छापलेली किंवा दुसरीकडे नोंदलेली सापडली नव्हती. कवीचं नाव असलेलं शेवटचं पान वाळवीनं खाल्लं होतं.

आप्पांनी पोथी प्रदर्शनाला द्यायचं कबूल केलं, पण ते स्वतःही तिच्याबरोबर आले. आठवडाभर मुलीकडे मुक्काम केला आणि रोज सकाळपासून काचेच्या पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले. आलेल्या पोरांना स्वतः कथा सांगायचे. त्यांचं जेवण मॅडम घरून आणायच्या आणि रोज दुपारी त्यांचा तोच वाद व्हायचा.

"आप्पा, फोटो काढू द्या की. वाळवीचा काय भरोसा?"

"फोटोला न्हाय म्हणतोय मी, उतरून घ्यायलाबी न्हाय. पोथी उघडायची ती वाचायला. आमच्या बाऽनं सांगितल्यालं हाय."

"बरं, तुमच्या 'व्हय'शिवाय एका पानाचा फोटो न्हाय, नक्कल न्हाय. शब्द दिला."

शेवटच्या दिवशी पोथी कापडात बांधताना आप्पाच म्हणाले, "पुढच्या साली बघू म्हणं." मॅडम लहान मुलीसारख्या खूश झाल्या. मला म्हणाल्या, "झालं गं सुनंदा, म्हातारा पाघळला!"

पुढचा सप्ताह यायच्या आतच आप्पांच्या मुलाचा, दत्ताचा फोन आला. "मॅडम, आप्पा गेले. दहाव्याला पोथी नदीत सोडायची हाय. त्यांच्यावर तुमचा जीव हुता, म्हणून कळवलं."

मॅडमनी फोनवर काय काय सांगून पाहिलं. ग्रंथालयात ठेवू, आप्पांच्या नावाची पाटी लावू, रोज पूजा करायची तर तीही करू. दत्ता ऐकून घ्यायचा आणि तेच सांगायचा. शेवटी दहाव्याला आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं गेलो.

हिरण्यकेशीच्या काठावर भावकी जमली होती. पिंड ठेवून झाले होते. पोथी लाल कापडात, पाटावर. दत्ता स्वतः मॅडमजवळ आला. त्याचेही डोळे सुजलेले होते.

"मॅडम, रागावू नगासा. आप्पाच सांगून गेलेत. आमच्यात आता ती कुणाला वाचाय येत न्हाय. न वाचता पोथी घरात ठिवू नगा म्हणाले."

"मला येतं की रं वाचाय," मॅडम म्हणाल्या.

दत्ता खाली बघत राहिला. "तुम्ही घरच्या न्हाय न्हवं," तो हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोचणं नव्हतं.

मॅडमनी पाटावरच्या पोथीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "सोडायच्या आधी एकदा वाचू?"

भटजींनी दत्ताकडे पाहिलं, दत्तानं मोठ्या काकांकडे. काकांनी मान हलवली. मॅडमनी नदीत हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि पाटासमोर बसून त्या वाचायला लागल्या. शब्द एकमेकांना जोडून लिहिलेले, शाई फिकी पडलेली, तरी त्या कुठे अडखळल्या नाहीत. बायका जवळ येऊन बसल्या. मी पर्समधून मोबाइल काढला. निदान समोरचं पान तरी, एवढंच माझ्या मनात होतं. वाचता वाचताच मॅडमनी माझं मनगट धरलं आणि मोबाइल खाली दाबला.

कथा निम्म्यावरही आली नव्हती. भटजी म्हणाले, "बाई, ऊन चढाय लागलं. मंडळी उपाशी हायत."

मॅडमनी ओवी पूर्ण केली. पानं जुळवली, कापड बांधलं आणि पोथी दत्ताच्या हातात दिली. तो गुडघाभर पाण्यात गेला. पोथी लगेच बुडाली नाही. जरा लांब वाहत गेली, मग कापड भिजून जड झालं.

परतीच्या एसटीत गडहिंग्लज मागं पडेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी तुझा हात धरायला नगो हुता का गं?"

शब्द आप्पांना दिलेला होता आणि त्यातून मॅडमना मोकळं करणारा माणूस राहिला नव्हता. "तुम्ही बरोबरच केलं," असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरोबर केलं, पण पोथी गेली की."

त्या वर्षीचा सप्ताह त्यांनी नेहमीसारखाच उभा केला. त्यानंतर लवकरच त्या निवृत्त झाल्या आणि जयसिंगपूरला मुलाकडे राहायला गेल्या.

गेल्या महिन्यात एक संशोधक मुलगी ग्रंथालयात आली. स्वयंवराच्या कथांवर काम करणारी. आजऱ्याकडे अशी एक पोथी आहे असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगून मी जयसिंगपूर गाठलं. मॅडम थकल्या आहेत, गुडघे धरलेत. मी विचारलं, त्यातलं काही आठवतं का? त्यांनी डोळे मिटले. चार ओव्या घडाघडा म्हटल्या, पाचवीला अडकल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या, पुन्हा तिथेच अडकल्या. सुनेनं आणलेला चहा गार झाला.

"तिला काय सांगू मॅडम?" शेवटी मी विचारलं.

"हुती म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "आन् लई चांगली हुती म्हणावं."