सासूबाईंच्या दारातलं गाझोलीन

माझी सासुरवाडी परदेशात आहे, असं मी चारचौघांत सांगायचो, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तेव्हा तेरेखोलच्या खाडीअलीकडे आपला देश होता आणि पलीकडे पोर्तुगिजांचा गोवा. मालवणच्या बाजारात मी कापड मापायचो. (दुकान दुसऱ्याचं, गज तेवढा माझ्या हातात!) अशा माणसाच्या नशिबी परदेशी सासू आली, की त्याचे पाय जमिनीवर राहणं कठीण. माझे तर राहिलेच नाहीत.

माझ्या बायकोला, सुमतीला, फक्त आईला भेटायचं होतं. लग्न झाल्यापासून तिला माहेर घडलं नव्हतं, आणि तिकडे सासूबाईंचे डोळे अधू होत चालले होते. "आवशीची नजर जावच्या आदी तिना माका एकदा बघूक व्हया," एवढंच ती म्हणायची. तिचं मागणं खरोखर एवढंच होतं.

ते चोपन्न-पंचावन्न साल. हद्दीवर चौक्या बसल्या होत्या, जायला परवाना लागत होता. शहाण्या माणसाने परवाना मिळवून, बायकोला घेऊन, खाली मान घालून जाऊन यावं. पण सासूबाईंचं घर पडलं मांडवीच्या काठी, पणजीहून वर लाँचने जायचं! झालं! मी दुकानात जाहीर करून टाकलं, "यंदा आम्ही सहकुटुंब परदेशात नदीची सफर करणार!" गिऱ्हाईकं माझ्याकडे आदराने बघू लागली. एकाने तर त्या भरात वाढीव वारभर लट्ठा घेतला.

मग तयारी. मी सोला टोपी घेतली. चुलतभाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याची दुर्बीण मागून आणली.

"म्हायेराक जातना दुर्बीण कित्याक?" सुमतीने विचारलं.

"परदेशातली नदी अशीच बघतत!" मी म्हटलं. (मी तोवर कर्ली सोडून दुसरी नदी धड पाहिलेली नव्हती.)

बाबांची अडचण निराळीच होती. निघण्यापूर्वी देवाला गाऱ्हाणं घालायचं, तर घालायचं कसं?

"रे, खाडीपल्याड आमच्या रवळनाथाची सत्ता चालता काय?"

"देवाक कसली इली हद्द, बाबा?"

"तसा नाय. थंयचो सायब फोर्तुगीज बोलता. आमच्या देवाक ती भाशा खंयसून येतली?"

बराच विचार करून त्यांनी नारळ ठेवला आणि देवाला नेमकं काम नेमून दिलं, "हद्दीपर्यंत लेकरांक सुखरूप पावतां कर रे म्हाराजा, फुडला त्यांचा ते बघतीत!" रवळनाथाने शब्द पाळला. हद्दीपर्यंत आमच्या केसालाही धक्का लागला नाही!

घात केला तो एका शब्दाने. गोव्यात मोटारीच्या लाँचला गाझोलीन म्हणत. पोर्तुगिजांचा शब्द. माझ्या मेहुण्याने एका गलबताच्या तांडेलाबरोबर निरोप धाडला, की पणजीच्या धक्क्यावर गाझोलीन ठरवून ठेवलंय, म्हातारी स्वतः न्यायला येणार आहे. मी त्या शब्दाच्या प्रेमातच पडलो. होडी काय, कोळीही म्हणतो. लाँच काय, देवगडचा हमालही म्हणतो. पण गाझोलीन! मी उठता-बसता गाझोलीन म्हणू लागलो. सुमती वैतागली, "व्हडी म्हणा ना साधी, लोकांक कळात तरी." लोकांना कळू नये हाच तर माझा बेत होता.

तर अशा थाटात आम्ही हद्दीवरच्या तरीवर, खाडी ओलांडायच्या होड्या सुटत तिथे, पोचलो. चौकीतले साहेब देशावरचे, नुकतेच बदलून आलेले. कचेरीत शिरलं की आम्ही मालवणी माणसं आपली बोली उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि शुद्ध मराठी बोलतो. मी तर जरा जास्तच शुद्ध बोललो.

"पलीकडे कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

खरं उत्तर दोन शब्दांचं होतं: सासूबाईंना भेटायला. मी म्हणालो, "नदीची सफर, साहेब. पणजीला आमच्यासाठी गाझोलीन तयार ठेवलेलं आहे."

साहेब शिकलेले निघाले, हे आमचं दुर्दैव. अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलीन म्हणतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आणि त्या दिवसांत हद्दीवरून चोरटा माल जोरात ये-जा करत होता. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली.

"किती आहे?"

"एकच, साहेब. पण चांगलं मोठं!"

"ठेवलंय कुठे?"

"नदीत."

"नदीत लपवलंय?"

"लपवायचं कशाला? उघड धक्क्याला बांधलंय! भरलं, की निघालं!"

"आणि रिकामं कुठे करणार?"

"थेट सासूबाईंच्या दारात!"

बाहेरच्या बाकावरून सुमती कळवळून ओरडली, "अवो, व्हडी म्हणा, व्हडी!"

साहेबांनी कान टवकारले. "व्हडी? म्हणजे होडीही आहे वाटतं तुमच्या टोळीत?"

"तू थांब गो, मी बोलतंय ना सायबाशी!" मी तिच्यावर खेकसलो. तेवढ्यात शिपायाने माझ्या पिशवीतून दुर्बीण काढून टेबलावर ठेवली. आतापर्यंत मी नुसता चोरटा व्यापारी होतो. आता हेरही झालो!

"दुर्बीण कशाला?"

"पलीकडचा किनारा न्याहाळायला," मी खरं तेच सांगितलं.

मग आमची झडती झाली. सुमतीने आईसाठी आंब्याची साठं नेली होती, मे महिन्यातल्या उन्हात पाठ भाजून घेत वाळवलेली. शिपायांनी ती उलगडून तपासली, आत काही सापडेना तेव्हा खाऊन तपासली. सुमती एका कोपऱ्यात उभी राहून बघत होती. तिने ओरडायला हवं होतं, मला दोन शब्द सुनवायला हवे होते. ती फक्त उरलेल्या साठांची घडी घालत राहिली, आणि मला आयुष्यात कधी वाटली नाही एवढी लाज वाटली.

गाझोलीन म्हणजे काय, हे सांगणारा एक तरवाला अखेर सापडला. साहेब हसलेसुद्धा. पण कागद एकदा हलला की साहेबांच्याही हातात राहत नाही. चौकशी पुरी होईस्तोवर परवाना जप्त! आम्ही मालवणला परतलो. चौकशीत मी साफ निर्दोष ठरलो, पण तोवर हद्दच बंद झाली होती. आता गाझोलीन म्हणा, होडी म्हणा, नाहीतर विमान म्हणा, पलीकडे जायची सोय राहिली नाही.

पुढे कळलं, की सासूबाई त्या दिवशी सकाळपासून पणजीच्या धक्क्यावर येऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. नीट दिसत नसल्यामुळे उतरणाऱ्या प्रत्येक बाईला त्या "सुमती गो?" म्हणून हाक मारत होत्या. हद्द बंद असतानाच त्या गेल्या. आम्हाला निरोप पोचला तो दिवसकार्य आटोपल्यावर.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला आणि माझी सासुरवाडी एका रात्रीत देशी झाली. आम्ही निघालो. चौकीवर कुणी काही विचारलं नाही. पणजीला मांडवीच्या धक्क्यावर गाझोलीन उभं होतं. मी सुमतीला हाताला धरून आत बसवलं. इंजिन धडधडू लागलं, पाणी मागे पडू लागलं, आणि माझ्यातला जुना गडी जागा झाला. मी ऐटीत म्हणालो, "बघ, हाडलंय की नाय तुका परदेशी नदीर?"

तिने काठाकडे बघत म्हटलं, "हाडलात. पण आता माका बघूक थंय कोण आसा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वेळेवर गप्प बसणं मला जन्मात पहिल्यांदा जमलं. वेळ तेवढी काही वर्षांनी चुकली.