बाईंनी रद्द केलेला प्रश्न

वसुधाबाई केळशीकर यांची आणि माझी पहिली भेट झाली, त्या दिवशी मी सातवीत नापास होता होता वाचलो. त्या वेळी मी चांगला इंजिनिअर होतो. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. राज्यभरातल्या सातवीच्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा घेणाऱ्या आमच्या मंडळाच्या पुणे कार्यालयात नुकताच संगणक आला होता आणि तो चालवणारा माणूस हवा होता. मी वऱ्हाडातून पत्र्याची ट्रंक घेऊन पुण्यात उतरलेला. मुलाखतीला गेलो, तर समोर सुती साडीतल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेल्या बाई. संगणकाबद्दल त्यांनी एक अक्षर विचारले नाही. एक जुनी प्रश्नपत्रिका हातात दिली आणि कोपऱ्यातल्या शाळेच्या बाकाकडे बोट दाखवले.

"बसा. पेन्सिल आणलीय, की तीही आम्हीच द्यायची?"

गुडघे बाकाला आपटत मी पेपर सोडवला. बाईंनी तो तिथल्या तिथे तपासला. "गणित बरं आहे. भूगोलात काठावर पास आहात. संगणकाला भूगोल लागत नाही, हे आपलं नशीब," म्हणाल्या. अशा रीतीने मला नोकरी लागली.

तो बाक शोभेचा नव्हता, हे नंतर कळले. बाई प्रश्नपत्रिका विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्यांच्या विभागाचा एक रिवाज होता. कोणतीही प्रश्नपत्रिका छापायला जाण्यापूर्वी ती तयार करणाऱ्या सगळ्या तज्ज्ञांनी शाळेच्या बाकावर बसून, घड्याळ लावून, पेन्सिलीने सोडवायची. बाई स्वतः पहिल्या बाकावर. एकदा विज्ञानाचे एक नामवंत प्राध्यापक म्हणाले, "मला याची काय गरज? पेपर मीच काढलाय." बाई म्हणाल्या, "आपण विद्वान आहात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपण बारा वर्षांचे आहात का, तेवढंच बघायचंय." प्राध्यापक बसले. वेळ संपली तेव्हा त्यांचे चार प्रश्न राहिले होते. त्यांनी निमूटपणे पेपर लहान केला आणि पुढे दर वर्षी येताना स्वतःची पेन्सिल आणू लागले.

परीक्षा मंडळ म्हणजे पेपर काढायचे, गठ्ठे पाठवायचे, निकाल लावायचा आणि शिव्या खायच्या, अशी माझी समजूत होती. यातले शेवटचे काम आम्ही खरोखरच नियमितपणे करत होतो. पण बाईंच्या लेखी मंडळाचे काम फार निराळे होते. ज्या मुलाला आपण कधी पाहिले नाही आणि पाहणारही नाही, त्याच्या अंगी काय आहे ते त्याच्यावर अन्याय न करता ओळखायचे, हे ते काम. आमच्या परीक्षेतून निवासी शाळांच्या जागा मिळत. चांगल्या घरच्या मुलाला ती जागा नाही मिळाली तर त्याचे आईवडील दुसरी शाळा बघत. इतर पुष्कळ मुलांची शाळा सातवीनंतर तिथेच थांबे. बाई हे कधी विसरत नसत आणि आम्हालाही विसरू देत नसत.

बाईंच्या जिभेला धार होती. माया होती ती मात्र झाकलेली. माझ्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले, ते नेमके निकालाच्या हंगामात. रजा मागायची माझी छाती होईना. बाईंना कोणाकडून तरी कळले. मला बोलावून म्हणाल्या, "निकाल तुमच्यावाचून लागेल. आई तुमच्यावाचून दवाखान्यातून घरी कशी जाणार? निघा." आणि माझ्या जागी त्या स्वतः संगणकापुढे बसल्या. दुपारी दवाखान्याच्या फोनवर मला निरोप आला. धावत गेलो. पलीकडून बाई विचारत होत्या, "अहो, हा तुमचा पडदा एकदम काळा झालाय. रागावलाय, की झोपलाय?" मी म्हटले, "झोपलाय. माउस हलवा." "बरं," म्हणाल्या, "आईंना सांगा, मी संध्याकाळी येतेय." संध्याकाळी खरेच मंडईतून मोसंबी घेऊन आल्या आणि आईपाशी तासभर बसल्या. आमची आई पुण्याच्या माणसांसमोर तोंड उघडत नसे. त्या दिवशी मात्र तिचे बोलणे थांबेना. बाई गेल्यावर म्हणाली, "हे बाई मोठ्या मनाची हाय रे बाप्पा. तिले जपजो." मी त्यांना जपण्याचा प्रश्नच नव्हता. जपत होत्या त्याच.

आता त्या प्रश्नाकडे येतो. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी 'वादग्रस्त प्रसंग शक्यतो टाळावेत' असे कळवले आहे. शक्य होत नाही.

पुढच्या काळात मंडळाचे कार्यालय पेठेतल्या जुन्या जागेतून खराडीला एका नव्या, काचेच्या इमारतीत गेले. आजूबाजूला सॉफ्टवेअर कंपन्या, खाली वाहने लावायला दोन तळघरे, वर जायला गुळगुळीत लिफ्ट. सुरुवातीला आम्ही लिफ्टचे बटण दाबायलाही बिचकत होतो, पण हळूहळू सवय झाली. इतकी झाली, की त्या वर्षीच्या गणिताच्या पेपरात एक प्रश्न आला. इमारतीतली लिफ्ट तळघराच्या दुसऱ्या मजल्यावरून निघाली, पाच मजले वर चढली, मग दोन खाली आली, तर ती आता कुठे आहे? ऋण संख्या समजतात का, हे बघायचे होते. त्याच उत्तरावर पुढचे उपप्रश्न बेतलेले. रिवाजाप्रमाणे सगळे तज्ज्ञ बाकावर बसले, बाईही बसल्या. सगळ्यांनी प्रश्न चटकन सोडवला आणि छान आहे म्हणून मान्य केला. सगळेच रोज सकाळी त्या लिफ्टने वर येत होते.

परीक्षेच्या दिवशी एखाद्या केंद्राबाहेर जाऊन उभे राहायचे, ही बाईंची आणखी एक सवय. त्या वर्षी हडपसरच्या पलीकडे, नुकत्याच शहरात आलेल्या एका गावातल्या शाळेत आम्ही दोघे गेलो. पेपर सुटला. दोन वेण्या घातलेली एक मुलगी बाईंना शिक्षिका समजून सरळ त्यांच्याकडे आली.

"बाई, ते जमिनीच्या खालचा दुसरा मजला म्हंजी काय वो? जमिनीत घरं बांधत्यात व्हय?"

"तू काय लिहिलंस?" बाईंनी विचारले.

"आमच्याकडं जमिनीखाली हीर असती. मला वाटलं, लिफ्ट हिरीत पडली. मग वर कशी यील? सोडलं मी ते. बाकी समदं आलं." आणि मग घाबरून, "बाई, तेवढ्यानं माझी शाळा जाईल का?"

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "आपण स्वतःला मुलांच्या जागी बसवतो, असं मी इतकी वर्षं सांगत आले. आपण फक्त बाकावर बसत होतो." त्यांचा असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

परिस्थिती नाजूक होती. मंडळाचे संचालक निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी बाई येणार, हे जवळजवळ ठरलेले होते. आजवर त्या खुर्चीत एकही स्त्री बसलेली नव्हती, प्रश्नपत्रिका विभागातून वर गेलेले तर कोणीच नव्हते. आम्ही सगळे मनोमन पेढे वाटून बसलो होतो. आणि बाईंनी बैठकीत प्रस्ताव मांडला, की तो प्रश्न रद्द करावा, गुणवत्ता यादी नव्याने लावावी आणि मंडळाची चूक झाली असे जाहीर निवेदन द्यावे. मी संगणकासाठी त्या बैठकीत होतो.

संचालक माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, प्रश्नात गणिताची चूक नाही. एका प्रश्नाचं एवढं काय? आणि अगदीच वाटत असेल, तर गावाकडच्या केंद्रांना चार गुण गुपचूप वाढवून देऊ. जाहीर कशाला? पावसाळ्यानंतर या खुर्चीत तुम्ही बसायच्या आहात. स्वतःच्या विभागाची चूक स्वतःच पेपरात छापून आणणार?"

बाई म्हणाल्या, "गुपचूप दिले तर ती दया होते. त्या मुलांनी दया मागितलेली नाही, परीक्षा मागितलीय. अहो, मंडईत काटा चुकीचा निघाला तर मी दुसऱ्या गाळ्यावर जाते. आपल्याकडे येणाऱ्या मुलाला दुसरा गाळा नाही. मग काटा चुकला, हे आपणच नको का सांगायला?"

निवेदन निघाले आणि त्याखाली बाईंनी स्वतःच्या नावाने सही केली. दुसऱ्या दिवशी शहरातले पालक तावातावाने खराडीला आले. एक गृहस्थ म्हणाले, "माझ्या मुलाचं उत्तर बरोबर आहे. त्याचे गुण का काढता?" बाई उठून उभ्या राहिल्या. "आपल्या मुलाचं उत्तर बरोबर आहे, त्याला माझी शाबासकी सांगा. प्रश्न आमचा चुकला. त्याची शिक्षा थोडी त्यालाही होतेय, त्याबद्दल मी आपली क्षमा मागते." गृहस्थ भांडायच्या तयारीने आले होते, त्यांना काय बोलावे ते सुचेना. वर्तमानपत्रांना मात्र पुष्कळ सुचले. बाईंना 'लिफ्टबाई' हे नाव तेव्हाच पडले.

पावसाळ्यानंतर संचालक म्हणून बाहेरून एक अधिकारी आले. त्यांच्या स्वागताचा गुच्छ बाईंनीच दिला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्या त्याच खोलीत, त्याच पदावर होत्या. पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही, की बाकावर बसायला दुर्गम भागातले, आश्रमशाळांतले, खाडीकाठचे शिक्षक बोलावले. ते प्रवासाने दमून येत, पेपर सोडवत आणि मध्येच मान वर करून विचारत, "हे आमच्या पोरांना कसं कळायचं?" तसे कोणी विचारले की बाईंना मनापासून आनंद होई. आज तो रिवाज मंडळात रुळला आहे. तो कोणी सुरू केला, हे तिथल्या नव्या मंडळींना ठाऊक नसावे.

या लेखासाठी गेल्या महिन्यात बाईंना भेटायला गेलो. पंचाहत्तरीत, गुडघे दुखत असतानाही, चहा त्यांनीच केला. इतक्या वर्षांत जे विचारायचे धाडस झाले नव्हते, ते विचारले. "बाई, ती खुर्ची गेल्याचं कधी वाईट वाटलं का?" मला वाटले, त्या हसून टाळतील. आपल्याकडे गौरवमूर्तींना कशाचे काही वाटलेले नसते.

"म्हणजे काय?" बाई म्हणाल्या. "मला ती खुर्ची हवी होती. फार हवी होती. तो गुच्छ देऊन मी घरी आले आणि स्वयंपाकघराचं दार लावून रडले. अजूनही कधी कधी वाईट वाटतं. तसंच लिहा. खुर्चीचा मोह नव्हता वगैरे लिहाल, तर बघा. पोरंसोरं वाचतील, त्यांना वाटेल, नीट वागायला काही लागतच नाही."

बाई, तसेच लिहिले आहे. आणखी एक वाक्य माझ्या पदरचे जोडतो, कारण ते त्या वर्षी आमच्यापैकी कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवे होते आणि म्हटले गेले नाही. ती खुर्ची आपली होती. आपल्याला निरोगी शंभर वर्षे लाभोत, गुडघे दुखायचे थांबोत, आणि आपल्या हातचा चहा आणि बोलणी आम्हाला अजून पुष्कळ काळ मिळत राहोत.