साक्षीला सुमनताई

फोन कौसल्याचा होता. मी शाळेत जायच्या गडबडीत, केस विंचरता विंचरता उचलला. पलीकडून ती नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाली, "लता, सुमन गेली. तू ये. येताना दूध आण, मांजरं कालपासून उपाशी हायेत." आणि तिनं फोन ठेवला. मी अर्धे केस मोकळे तसेच ठेवून पलंगावर बसले... सुमनताईची मूत्रपिंडं थकलीत हे आम्हाला वर्षभर ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. मग उठले, दूध घेतलं आणि निघाले. त्यालाही आता दीडेक महिना झाला.

एक्याऐंशी साली आम्ही दोघी जालन्यातल्या एका खाजगी शाळेत एकाच दिवशी रुजू झालो. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, हसनाबादच्या शेतकरी घरातली. उंच, दणकट, व्हरांड्यातून येताना वहाणांच्या आवाजावरून वर्ग गप्प करणारी. गणित शिकवायची. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी तिला लग्नाचं विचारलं. भाकरीचा तुकडा मोडत ती म्हणाली, "झालंय समजा." पुढं कुणी विचारलं नाही, पण पाठीमागं बोलणं सुरू झालं. मला मात्र ती एका शनिवारी थेट घरी घेऊन गेली. जुन्या जालन्यात दोन खोल्या, पुढं फरशीचं छोटं अंगण. आत शिवणयंत्रावर एक बारीक चणीची, चष्मा लावलेली बाई बसली होती. "ही कौसल्या," सुमनताई म्हणाली. "आम्ही सोबत राहतो." मैत्रीण म्हणाली नाही, बहीण म्हणाली नाही. कौसल्यानं मात्र घाईनं मान खाली घातली आणि चहा टाकायला उठली.

कौसल्या जालन्यातल्याच बौद्ध कुटुंबातली. बायकांना शिवण शिकवायची. दोघींची ओळख एका पोलक्याच्या मापावरून झाली, असं सुमनताई सांगायची. "बाही दोनदा बिघडवली हिनं. मला पुन्हा यावं लागावं म्हणून." कौसल्या म्हणायची, "खोटं बोलू नको. कापडच वाईट व्हतं." हा वाद त्या घरात वीस-बावीस वर्षं चालला.

आणि मांजरं. पहिली जिलबी. चिंध्यांच्या टोपलीत व्याली आणि तिथंच राहिली. तिचा बोका हवालदार, कारण तो दिवसातून दोनदा सगळ्या गल्लीची गस्त घालून यायचा. मग बेगम, मग आणखी किती. तपासायच्या उत्तरपत्रिकांवर एखादं झोपलेलं असायचंच, आणि ते उठेपर्यंत सुमनताई पेपर ओढायची नाही. वर्गात पोरांच्या पाठीत धपाटा घालणारी ही बाई घरी मांजराला "उठता का बाईसाहेब?" म्हणायची. मासळी आणायची कौसल्या, काटे काढून भरवायची सुमनताई. संध्याकाळी अंगणात दोघी बसल्या की एक शेंगा फोडायची, दुसरी काजं करायची, आणि मधे ही सगळी फौज पसरलेली. नवराबायकोचं घर म्हणतात ते मी पहिल्यांदा नीट तिथं पाहिलं.

माझं लग्न तिनंच लावलं. मुलगा दुसऱ्या जातीचा, आमच्या घरी दारं बंद. मी रडत बसले होते. सुमनताई म्हणाली, "रडायचं काय त्यात? नोंदणी कार्यालय कशासाठी हाय? तीन साक्षीदार लागतात. एक मी हाय, दोन मी आणते." तिनं आणले. तिथून तिला हा नादच लागला. जात वेगळी, धर्म वेगळा, घरच्यांनी मारलेलं, कोंडलेलं, अशी जोडपी कुठून कुठून तिचं नाव ऐकून यायची. अंबडहून आली, भोकरदनहून आली, एकदा तर लग्नासाठी मुंडावळ्या पिशवीत घालून एक जोडपं थेट शाळेच्या फाटकावर उभं. ती त्यांना घरी न्यायची, कौसल्या जेवायला वाढायची, मुलीला घालायला बरं पोलकं नसेल तर दुपारपर्यंत शिवून द्यायची. मुलीचे काका-मामा दारात येऊन शिव्या देत, तेव्हा सुमनताई उंबऱ्यात उभी राहायची. "पोरगी सज्ञान हाय. आत येऊन तिलाच विचारा. पण चपला बाहेर, आणि आवाज बी बाहेर."

नव्वद साल उलटल्यावरची गोष्ट. असंच एक लग्न लावून परतताना रिक्षात ती अचानक म्हणाली, "लता, मी दुनियेच्या लग्नाला साक्षीदार. मंग आमच्या लग्नाला कोण?" मला वाटलं थट्टा. तिनं थट्टा केली नव्हती. घरी गेल्यावर तिनं कौसल्याला सांगितलं. कौसल्या घाबरली. "कशाला? राहतोच ना आपण. न्हाई कुणी काढून राह्यलं घराबाहेर." सुमनताई म्हणाली, "न्हाई काढलं ती त्यांची मेहेरबानी हाय. मला मेहेरबानी नको, हक्क पाहिजे."

दुसऱ्या आठवड्यात त्या दोघी, मी आणि माझे यजमान कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी सुमनताईला चांगला ओळखायचा. "आज कुणाला आणलं मॅडम?" त्यानं हसत विचारलं. "आज कुणाला न्हाई. आज आम्हीच आल्तो." त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो हसला, मग शेजारच्या टेबलावरचे हसले, मग तो चिडला. कायद्यात बसत नाही म्हणाला. "बसत नसंल तर तसं लेखी द्या," सुमनताई म्हणाली आणि बाकावर बसली. कार्यालय बंद होईस्तोवर बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रजा टाकून रोज जाऊन बसायला लागली. लोक दारातून डोकावून बघून जात. कौसल्या पहिल्या दिवशीच घामाघूम होऊन परतली होती, ती पुन्हा त्या पायऱ्या चढली नाही. शेवटी कंटाळून त्यानं दोन ओळींचा नकार लिहून दिला. सुमनताई तो हातात नाचवत घरी आली. मी म्हटलं, यात आनंद कसला? "अगं, नकार देण्यासाठी तरी त्यांना लिहावं लागलं, की दोन बायकांनी लग्न मागितलं व्हतं. आता आम्ही न्हाईच, असं तर कुणी म्हणणार न्हाई."

गावात बातमी व्हायला काय वेळ लागतो... एका स्थानिक वर्तमानपत्रानं नावं न छापता सगळं छापलं. आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव दोन माणसं घेऊन चौकशीला घरी आले. मी तिथंच होते. सचिवांना बोलायला अवघड जात होतं. इकडंतिकडं बघत त्यांनी विचारलं, "घरात खाटा किती आहेत?" कौसल्याचा चेहरा पांढरा पडला. सुमनताई शांतपणे म्हणाली, "दोन हायेत साहेब. दोन्हींवर मांजरं झोपतात. आम्ही खाली." तेवढ्यात हवालदार येऊन सचिवांच्या मांडीवर बसला. त्यांना त्याला ढकलता येईना आणि पुढचा प्रश्नही विचारता येईना.

घरमालकानंही बोलावणं धाडलं. तो बिचारा भिडस्त. "मांजरांचा त्रास होतो, खोल्या सोडा," म्हणाला. सुमनताई म्हणाली, "मांजरं दहा वर्षांपासून हायेत. त्रास मागल्या महिन्यापासून कसा सुरू झाला? जे बोलायचं ते बोला, मी बराबर उत्तर देते." त्यानं विषय भाड्याच्या पावतीवर नेला. खोल्याही सोडाव्या लागल्या नाहीत.

आणि मग तिनं लग्न केलं. कार्यालयानं लावलं नाही तर अंगणात. भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून. मंत्र नाहीत, भटजी नाही. कौसल्याची आई आली, नेसवायला बौद्ध रीतीप्रमाणं नवी पांढरी साडी घेऊन आली आणि म्हणाली, "माझ्या लेकीचं लगीन. मी न्हाई येणार तर कोण?" बाकी कुणी येईल असं मला वाटलं नव्हतं. पण सुमनताईनं साक्ष दिलेली जोडपी एकेक करून यायला लागली, कुणी कडेवर लेकरू घेऊन, कुणी नुसतंच धास्तावलेलं. अंगण भरलं, माणसं गल्लीत उभी राहिली. दोघींनी एकमेकींना हार घातले. सुमनताई म्हणाली, "ही माझी बायको. तुम्ही सगळे साक्षीदार." कौसल्या हारातलं एक फूल चुरगाळत उभी होती. समोरच्या घरांच्या खिडक्या बंद झाल्या. एक उघडी राहिली, तिथून एका म्हातारीनं अक्षता टाकल्या.

किंमत द्यावी लागली. संस्थेनं तिला काढलं नाही, पण लांब धावड्याच्या बाजूच्या शाळेवर टाकलं. पहाटेची एसटी, संध्याकाळची एसटी, कितीतरी वर्षं. तिथल्या बायकांनी विचारलं, मालक काय करतात? ती म्हणाली, "मालक न्हाई, मालकीण हाय. शिवण शिकवते." त्या हसल्या. पुढं त्याच बायका कौसल्याकडं पोलकी शिवायला टाकू लागल्या, सुमनताईच्या पिशवीतून.

त्या सकाळी मी दूध घेऊन पोचले तर हसनाबादची जीप दारात उभी. तिचा भाऊ भाऊराव, जो लग्नानंतर तिच्याशी शब्द बोलला नव्हता, चार माणसं घेऊन आला होता. "बहिणीला गावाकडं न्यायला आल्तो," तो म्हणाला. "अग्नी माझा पोरगा देईल."

कौसल्या उंबऱ्यात उभी होती. जन्मभर जी मागं राहिली ती.

"सुमन इथं जगली. इथंच जळंल. अग्नी मी देणार."

"तुमचं नातं काय?"

मला वाटलं ती माझ्याकडं बघेल. तिनं पाहिलं नाही. "बायको," ती म्हणाली.

"कागद हाय?"

"मागायला गेल्तो. न्हाई दिला. साक्षीदार हायेत, त्यांना विचारा."

अंगणात तोवर माणसं जमली होती. केस पिकलेली जोडपी, त्यांची कॉलेजात जाणारी पोरं. मी पुढं झाले आणि म्हणाले, "मी होते त्या लग्नाला." माझ्यामागं कुणीतरी म्हणालं, "मी बी व्हतो." मग आणखी एक. भाऊराव सगळ्यांकडं बघत राहिला. पायरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "मंग जल्दी करा. ऊन चढून राह्यलं."

कौसल्यानं अग्नी दिला.

मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा दारात एक जोडपं उभं होतं. परतूरकडचं, नोटिशीचा महिना भरलेलं. मुलीच्या कपाळावर जखम. त्यांना सुमनताई गेल्याचं ठाऊक नव्हतं. मी सांगणार, तेवढ्यात आतून कौसल्या आली. त्यांना बसवलं, जेवू घातलं. मग शिवणयंत्रावर कापड झाकलं, मांजरांसाठी दार एवढंसं किलकिलं ठेवलं आणि मला म्हणाली, "चल, दोन साक्षीदार तर आपणच हाओत. तिसरा तुझ्या घरून बोलव."

त्या कार्यालयाच्या पायऱ्या ती लग्न मागायला गेलो त्या दिवसानंतर पहिल्यांदाच चढत होती. आतला कारकून नवा, तरुण. त्यानं मान खाली घालूनच विचारलं, "साक्षीदाराचं नाव?"

"कौसल्या."

"पतीचं नाव?"

"सुमन."

त्यानं मान वर केली. कौसल्यानं चष्मा नीट केला, समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"लिहा," ती म्हणाली. "मला घाई न्हाई."