भिवराबाईची लाल भाकर

मांजरसुंब्याच्या आसपासच्या वस्त्यांत भिवराबाईच्या भाकरीचा लौकिक होता. तव्यावरून निखाऱ्यापुढे उभी केली की टम्म फुगायची. नवरा आश्रुबा म्हणायचा, "आमच्या घरात दोघी फुगत्यात. भाकर चुलीवर, अन ही माझ्यावर."

बहात्तरच्या दुष्काळात मात्र तिलाही घाम फुटला. विहिरी आटल्या, गाव पाझर तलावाच्या कामावर माती वाहू लागलं आणि सोसायटीच्या गोदामात अमेरिकेहून मदतीची लाल ज्वारी येऊन पडली. लोक तिला मिलो म्हणत. रंग विटेचा, स्वभावही विटेचाच. पिठाला विरी म्हणून नव्हती. थापायला गेलं की हातात तुकडे. पहिल्या दिवशी बायकांनी ती रडत थापली, दुसऱ्या दिवशी शिव्या देत. आश्रुबाने एक तुकडा बैलापुढे धरला. बैलाने हुंगून मान फिरवली.

"बघ, त्यालाबी कळतंय!"

"त्याला सकाळी माती वाहायची न्हाई," भिवराबाई म्हणाली.

तीन दिवस ती त्या पिठाशी झुंजली. शेवटी आधणाच्या पाण्यात उकड काढली, तळहाताच्या उशीने मळ मळ मळली, आणि चौथ्या दिवशी भाकर अख्खी उतरली. फुगली नाही, पण मोडलीही नाही. मग बाई कामावरच्या चुलीचुलीपाशी जाऊन बसली. "अगं, पाणी उकळू तर दे! कावून घाई करतीस?" महिनाभरात अख्खी वस्ती लाल भाकर खाऊ लागली.

तेवढ्यात निरोप आला. धान्य पाठवणाऱ्या संस्थेचा गोरा साहेब येणार. बघून ठरवणार, पुढच्या गाड्या इकडे द्यायच्या की दुसऱ्या तालुक्यात. सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव दिलदार माणूस; व्यसन एकच, अब्रूचं. त्यांनी पेवाच्या तळातून बियाण्याला राखलेली दोन पायली पांढरीशुभ्र शाळू ज्वारी काढली आणि स्वतः भिवराबाईच्या दारात आणली.

"मावशे, दळ अन पावण्याला चांदण्यासारखी भाकर कर. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"चेअरमन, पावणा खायला यायलाय का बघायला?"

"दोन्हीला."

"मग पांढरी भाकर बघून तो लिहून न्हेईल, ह्या गावात दाणा हाय."

"अन लाल दिली तर म्हणंल, पावण्याला ढोराचं घातलं! माझं नाक कापशील तू."

"नाकाचं ऱ्हाऊ द्या, पोटाचं बोला."

अर्जुनराव पोतडी तिथेच टाकून तणतणत गेले. भिवराबाईने गाठ सोडली आणि मनगटापर्यंत हात त्या दाण्यांत घातला. आठ महिन्यांत असा दाणा हाताला लागला नव्हता. बराच वेळ तिने हात बाहेर काढला नाही. मग काढला, गाठ घट्ट मारली आणि लाल पिठासाठी आधण ठेवलं.

ठरल्या दिवशी साहेब आला आणि भिवराबाईच्या चुलीपुढे मांडी घालून बसला. म्हणजे एक मांडी बसली, दुसरी उभीच राहिली. ताटात लाल भाकर आणि ठेचा. अर्जुनरावांनी डोळे मिटून घेतले. साहेबाने घास घेतला, ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो खात राहिला. मग त्याने काही विचारलं. दुभाषे म्हणून आलेले मास्तर चाचरले.

"साहेब विचारतात, ही कशाची?"

"सांगा, तुमचीच ज्वारी."

साहेबाचा घास हातातच राहिला. तो हळू काहीतरी बोलला. मास्तर खाली बघत म्हणाले, "त्यांच्याकडं हे... गुरांना घालतात."

भिवराबाईने पदर सावरला.

"मग त्यांना म्हणावं, कोरडी नका घालू. उकड काढून अशी भाकर करून घाला. दूध वाढंल."

मास्तरांनी सांगितलं. साहेब आधी भाकरीसारखा लाल झाला, मग गदगदून हसला आणि दुसरी भाकर मागून घेतली. जाताना एक कागदात बांधूनही नेली. भिवराबाईनेच दिली. "त्याच्या आईला दाखीव म्हणावं."

आठव्या दिवशी दोन गाड्या आल्या. एकीत लाल ज्वारी, दुसरीत गहू.

अर्जुनराव शाळू परत न्यायला आले. गाठ तशीच पाहून त्यांनी पोतडी उचलून कपाळाला लावली. त्र्याहत्तरला पाऊस झाला आणि तेच बी रानात पडलं. सुगी झाल्यावर पहिलं पीठ त्यांनी भिवराबाईकडे धाडलं. तिने थापली, निखाऱ्यापुढे उभी केली. भाकर टम्म फुगली.

आश्रुबा चुलीपाशी सरकून म्हणाला, "एक तर फुगली. आता तू कवा?"