राखून ठेवलेली तिसरी हाक

माझ्या मामाला कचेरीत सगळे भोंगा म्हणतात, आणि त्यात आपला काही अपमान आहे असं खुद्द मामालाही वाटत नाही. डोंगराभोवतीच्या सगळ्या गावांचा कारभार त्या एका बैठ्या इमारतीतून चालतो. साहेब आत खुर्चीत, भांडणारे बाहेर झाडाखाली, आणि दोघांच्या मधे व्हरांड्यात मामा. ज्याची पाळी असेल त्याचा मामाने तीनदा पुकारा करायचा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी ‘हजर’ म्हणालं नाही की साहेब पुढचं प्रकरण घेतात. मग त्या माणसाचा बांध असो, विहीर असो, हक्क बुडालाच म्हणून समजा. पण मामाचा आवाजच असा, की पहिल्या पुकाऱ्याला बाजारातली माणसं भाजी तशीच टाकून धावत येतात. मोठा कारकून तर म्हणतो, भोंग्याला गच्चीवर चढवला तर टपालखर्च वाचेल.

हा आवाज कमावला वरच्या गावात. मामा तिथलाच. लहानपणी थोरला मामा बकऱ्या घेऊन पलीकडच्या उतारावर जायचा आणि त्याला जेवायला हाक मारायचं काम या धाकट्याचं. थोरला पहिल्या हाकेला ओ द्यायचा नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. ऐकू यायचं सगळं, पण एका हाकेत धावत आला तर तो थोरला कसला? तिसऱ्या हाकेला मात्र डोंगराच्या कुशीतून न चुकता लांबलचक ‘ओ’ यायची. तोवर इकडे धाकट्याचा घसा बसलेला आणि भाकरी गार.

पुढे वरचा झरा आटला. आधी शाळा खाली आली, मग लेकरांमागे आया आल्या आणि आयांमागे बाप्ये. मामाही नोकरी लागली म्हणून उतरला. थोरला तेवढा राहिला. गाव म्हणजे काय ट्रंक आहे, कुलूप लावून निघायला, असं त्याचं म्हणणं. मामा आठवड्याला पीठ-मीठ पोचवायचा. एकदा गेला तर दार नुसतं लोटलेलं, बकऱ्या बांधलेल्या, चूल अजून कोमट, आणि थोरला कुठेच नाही. माणसांनी डोंगर पिंजून काढला. ना चप्पल सापडली, ना काठी. मामाने कड्यावर उभं राहून त्या दिवशी दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी घरी जाताना, वरच्या गावची वाट फुटते त्या वळणावर तो सायकल दगडाला टेकवतो, डोंगराकडे तोंड करून दोनदा ‘दादा’ म्हणतो आणि निघतो. एकदा मी थट्टेत विचारलं, तिसरीला काय जकात पडते का?

“ती राखून ठेवलीय,” मामा म्हणाला. “मारली आणि ओ आली नाही, तर?”

बरंच अंतर गेल्यावर, मला वाटलं विषय मिटला, तेवढ्यात तो सायकलीवरूनच म्हणाला, “आणि आली, तर?”

यंदा नवे साहेब आले. ज्या गावात कोणी राहत नाही ती गावं शेजारच्या गावात मिसळून टाकायची, असं वरून ठरलं. वरच्या गावची तारीख पडली. मिसळलं की गावाचं नाव गेलं, शीव गेली, आणि तिथे कोणी राहत होतं ही गोष्टही गेली. थोरला सापडला नव्हता, म्हणून तो मेला असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणजे गावाला धरून राहिलेला तो एकटाच, आणि त्याला पुकारायचं कोणी, तर मामाने.

मामाने मोठ्या कारकुनाला आडून विचारून पाहिलं, की मीही तिथलाच, मीच हजर म्हटलं तर? कारकून हसला. पुकारायचं तूच आणि ओ पण तूच द्यायची, उद्या म्हणशील खुर्चीतही मीच बसतो. वर, तू खाली उतरलास त्याला जमाना झाला. दुसऱ्या कोणाला पुकारू द्या, असंही मामाने सुचवलं. तर दुसऱ्या शिपायाचा आवाज व्हरांड्याच्या पायरीलाही पुरत नाही, हे साऱ्या कचेरीला ठाऊक.

त्या दिवशी मी दाखल्यासाठी व्हरांड्यात बसलो होतो. दाखला मिळणार नाही हे माहीत होतं, पण बसण्याचीही एक शिस्त असते. भर दुपार. झाडाखालची माणसं जेवायला पांगलेली. बाकावर मी, खाली झोपलेलं कुत्रं, आणि खांबाला धरून मामा.

“वरच्या गावचं कोणी हजर?” मामाने पुकारलं. कुत्र्याने कान हलवला.

दुसऱ्यांदा पुकारलं. काहीच नाही.

आतून कारकुनाने घसा खाकरला. साहेबांनी विचारलं, झाले का तीन? मामाची बोटं खांबावर पांढरी पडली होती. मला वाटलं, हा आता पायऱ्या उतरून निघून जाणार. पण त्याने डोंगराकडे तोंड केलं, आणि गावाचं नाव वगैरे सोडून, जन्मभर साठवलेल्या आवाजात हाक मारली.

“दादा.”

आणि ओ आली. लांबलचक, सावकाश, जरा कंटाळलेली.

तेव्हा मी मामाकडेच बघत होतो. त्याचं तोंड मिटलेलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. अर्थात, त्या कचेरीत शपथेवर काय काय सांगतात ते तुम्हाला माहीत आहेच. पण कुत्रं उठलं आणि शेपूट पायात घालून बाकाखाली शिरलं, त्याला तर कोणी शपथ घातली नव्हती.

“हजर आहे ना, मग आत पाठवा,” साहेब म्हणाले.

मोठा कारकून बाहेर येऊन बघून गेला. व्हरांड्यात आम्हा दोघांशिवाय कोणी नाही. त्यानंतर दिवसभर त्याने एकही विनोद केला नाही.

“आत नाही यायचा तो,” मामा दारातून म्हणाला. “त्याला डोंगर सोडवत नाही.”

साहेब नवे होते. त्यांना वाटलं, असेल कोणी अडाणी, बुजरा. ओ त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. गावात माणूस आहे, सबब मिसळू नये, असं त्यांनी सांगून टाकलं आणि पुढचं प्रकरण घेतलं. गाव वाचलं.

संध्याकाळी मामाबरोबर निघालो. वळण आलं. सायकल दगडाला टेकवायला मामा थांबला नाही. राखलेली होती तीही खर्च झाली, आता काय मारायचं, असं काहीसं पुटपुटला. आम्ही पुढे निघालो.

तेव्हा मागून, वरून, काहीतरी आलं. शब्द कळला नाही, हाकेचं शेपूट तेवढं उतारावरून घरंगळत आलं. थोरला मामा याला ‘धाकट्या’ म्हणायचा. शेपूट त्याच हाकेचं होतं, असं मी म्हणणार नाही.

थोड्या वेळाने पुन्हा आलं. जरा जवळून.

माझी सायकल डगमगली. मी मागे वळणार, तोच मामाने माझा दंड धरला. त्याचा हात थंडगार होता आणि चेहऱ्यावर मात्र, काय सांगू, लहान भावाचा खट्याळपणा होता.

“गप राहा,” तो हळूच म्हणाला. “तिसरीला ओ देऊ.”