गच्चीवरची पाच मिनिटं

पंचवटीतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. सातवीच्या मुलांना सूर्यावरचे डाग दाखवायचे म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी शाळेची छोटी दुर्बीण मी गच्चीवर नेली. तिच्यातून बघायचं नव्हतं. तिच्यातून पडणारा सूर्याचा गोल पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्यायचा आणि त्यातले डाग पेन्सिलीने गिरवायचे, एवढंच. "डोळा लावायचा नाही," असं मी दोनदा बजावलं होतं.

गिरवणं सुरू झालं आणि शिपाई सांगत आला, ऑफिसात सही हवी आहे. मी खाली गेले. दुर्बिणीवर झाकण घालायला हवं होतं. पण सूर्य पुठ्ठ्याच्या मध्यावर आणता आणता माझा अर्धा तास गेला होता, आणि धक्का लागला तर सगळं पुन्हा करावं लागणार होतं. नाही घातलं.

पाचेक मिनिटांत परत आले. मुलं जागेवर होती. गोल पुठ्ठ्याच्या कडेला सरकला होता. पृथ्वी फिरते म्हणून तो सरकतो, हे समजावण्यात तास संपला.

तीन दिवसांनी फळ्यावरचं वाचायला मी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. तिच्याइतकं स्वच्छ वर्गात कुणी वाचत नसे. ती अडखळली. मग एक डोळा हाताने झाकून बघू लागली.

"काय झालं गं?"

"मॅडम, या डोळ्यानं मधलं अक्षर दिसत नाही. बाजूची दिसतात."

"तू दुर्बिणीत पाहिलंस?"

"एकदाच. तुम्ही खाली गेलात तेव्हा. दुखलं नाही काही, म्हणून सांगितलं नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा आतला पडदा भाजला आहे. औषध नाही. सुधारलं तर काही महिन्यांत थोडंफार सुधारेल, नाहीतर नाही.

मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना बोलावलं. ते बाजारात पालेभाजी विकायचे; मीही त्यांच्याकडूनच घ्यायचे. "मॅडमनी बजावलं होतं, मुलीने ऐकलं नाही," मुख्याध्यापक म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी गच्चीवर नव्हते, हे मात्र ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. "पोरीनं चूक केली, मॅडम. तुम्हाला तरास झाला."

मी नुसती मान हलवली.

उन्हाळा आला तरी डोळा सुधारला नाही. जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, मी बाजारात त्यांच्याकडे गेले. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. उभ्यानेच सांगितलं, "त्या दिवशी मी मुलांना सोडून खाली गेले होते. दुर्बिणीवर झाकण घातलं नव्हतं."

त्यांचे हात थांबले.

"मी तिला मारलं होतं," ते म्हणाले. "तुमचं ऐकलं नाय म्हणून. लय मारलं." मग जुडी खाली ठेवून, "तवा का नाय बोलल्या तुम्ही?"

नोकरीची भीती वाटली, एवढंच खरं उत्तर होतं. गिऱ्हाईक आलं, ते तिकडे वळले.

त्याच महिन्यात त्यांनी मुलीचं नाव काढून दुसऱ्या शाळेत घातलं. तपासायला घेतलेली तिची विज्ञानाची वही माझ्याकडेच राहिली. मुख्याध्यापकांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मी अजून तिथेच शिकवते. भाजी मात्र दुसरीकडून घेते.