गुडघ्याएवढा ओटा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मधुसूदनराव यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं डोंबिवलीत पुष्कळ सापडतील. गणेशोत्सवाची वर्गणी वेळेवर देतात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. सगळं खरं आहे. पण ही माणसं त्यांच्या बाहेरच्या खोलीत चहा पिऊन गेलेली आहेत. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलेली आहे, त्यामुळे माझं मत वेगळं आहे.

मी चित्रा. ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवते. बहिणीचं नाव सरोज, मी तिला ताई म्हणते. भावोजी फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क. इमारतींच्या दुरुस्तीची अंदाजपत्रकं त्यांच्या टेबलावर यायची आणि त्यांवर लाल पेन्सिलीने रेघा ओढायच्या, हे त्यांचं काम. कुणी दहा खिडक्या मागितल्या की सात करायच्या. मोठे साहेब म्हणाले होते म्हणे, की मधुसूदनच्या हातून कागद गेला की त्यात एक खिळा जास्तीचा उरत नाही. हे वाक्य भावोजींनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्या साहेबांना न भेटताच मला त्यांचा कंटाळा आला होता.

बावन्न साली ताई विहिरीवर घसरून पडली. पाय मोडला, तो बसवला एका हाडवैद्याने, आणि तो असा बसला की गुडघा पुन्हा वाकलाच नाही. चालायला ती बरी चालायची, थोडी लंगडत. पण स्वयंपाक तेव्हा सगळ्यांच्याच घरी खाली बसून. ताई उजवी मांडी घालून बसायची आणि डावा पाय सरळ चुलीच्या कडेने पसरायची. तिच्या त्या नडगीवर ठिणग्यांचे डाग पडले होते. उठताना दाराची चौकट धरून ती अंग वर ओढून घ्यायची. चौकटीचा तेवढा भाग तेलकट काळा झाला होता. भावोजी तो डाग बघायचे आणि म्हणायचे, रंग खराब होतो.

मुंबईला एका ओळखीच्या घरी ताईने उभा ओटा पाहिला. शेगडी ओट्यावर, स्टोव्ह ओट्यावर, बाई एक हात कमरेवर ठेवून उभ्याने भाजी ढवळते आहे. त्या दिवसापासून तिने दुसरं काही मागितलं नाही. साडी नाही, पाटल्या नाहीत, फक्त ओटा. भावोजींनी दोन वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "आमच्या आईने जन्मभर बसून केलं," असं म्हणाले. त्यांच्या आईचे दोन्ही गुडघे वाकत होते, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी मला चित्राबाई म्हटलं. राग आला की ते मला बाई लावतात.

पंचावन्न साली त्यांना बढती मिळाली आणि घराची डागडुजी काढायची ठरली. ठाण्याजवळच्या बाळकुमचा काळूराम गवंडी बोलावला. काळूरामची जीभ भावोजींच्या पेन्सिलीइतकीच तिखट, शिवाय तो चुन्यात वाळू जरा सढळ हाताने घालतो. त्याने ताईला उभं केलं, कमरेशी खडूने भिंतीवर खूण केली आणि सांगितलं, विटांचे आठ थर, वर कडाप्प्याची लादी. भावोजींनी ते कागदावर उतरवून घेतलं. त्या कागदावर ओटा पहिला होता. त्या संध्याकाळी ताई खडूच्या खुणेशी उभी राहून कणीक मळल्यासारखे हात हलवून बघत होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग पेन्सिल निघाली. रेडिओ घ्यायचा होता, त्याला बाहेरच्या खोलीत फळी हवी, म्हणून ओट्याचा एक थर गेला. काचेचं कपाट आलं, दुसरा गेला. पुढच्या दाराला दगडी पायरी घालायची ठरली आणि एकदम दोन गेले. चार थरांच्या विटांत पैसे वाचून वाचतात किती? काळूरामही तेच म्हणाला. पण भावोजींना पैसे वाचवायचे नव्हतेच, त्यांना रेघ ओढायची होती. कचेरीत तीस वर्षं जे केलं ते घरी केल्याशिवाय त्यांना घर आपलं वाटत नसावं. आणि रेघ नेहमी आतल्या खोलीवर ओढली जायची, बाहेरच्या खोलीवर कधीच नाही.

मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पगारातले साठ रुपये घेऊन डोंबिवलीला गेले आणि ते भावोजींच्या हातात ठेवले. "हे चार थरांचे," मी म्हटलं. "बाकी कशाचे नाहीत."

त्यांनी नोटा मोजल्या, खिशात घातल्या. "ठीक आहे," म्हणाले.

त्यानंतर मी थेट दिवाळीच्या सुट्टीत गेले. दारातच थबकले. दाराशेजारी भिंतीत पांढरी शुभ्र संगमरवरी पाटी बसवली होती. तिच्यावर भावोजींचं पूर्ण नाव, पुढे बी. ए., खाली त्यांच्या हुद्द्याची ओळ. अक्षरं कोरून काळा रंग भरलेला. मी आत गेले. ओटा माझ्या गुडघ्याला लागला.

ताई त्याच्यासमोर कमरेत दुमडून भाताची पेज वेळत होती. बसून करायला ओटा उंच, उभ्याने करायला ठेंगणा. पूर्वी तिचा एक पाय दुखायचा, आता पाठही दुखायला लागली होती. ती माझ्याकडे बघून नुसती हसली, आणि ते हसू बघून मला रडूच आलं. मी बाहेर जाऊन भावोजींना विचारलं, माझ्या चार थरांचं काय झालं.

"पाटी रस्त्यावरून दिसते," ते पेपरातून डोळे न काढता म्हणाले. "ओटा आत कोण बघायला जातं?"

मी त्या माणसाला त्याच घटकेला बरंच काही बोलले असते. पण ताईने आतून हाक मारली आणि नारळ खवायला बसवलं. रविवारी भावोजींनी मोठ्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं. सोबत कचेरीतले आणखी दोघे. पुरणपोळीचा बेत. घर दाखवायचं होतं, रेडिओ लावायचा होता, काचेच्या कपाटातल्या कपबशा काढायच्या होत्या. ताईने बेताला मान डोलावली. एवढ्या चटकन की मला तिचाही राग आला.

रविवारी सकाळपासून ती वाकून राबत होती. पुरण वाटलं, कटाची आमटी केली, भजी तळून ठेवली. मध्येच भिंतीला पाठ लावून उभी राहायची, डोळे मिटायची, पुन्हा वाकायची. बारा वाजता पाहुणे आले. भावोजी रेशमी कद नेसून बाहेर मिरवत होते. साहेबांनी पायरीचं कौतुक केलं, पाटीचं केलं, रेडिओचं केलं. पानं वाढून झाली. आता तव्यावरून एकेक पोळी गरम गरम पानात पडायची एवढंच राहिलं होतं. शेगडीवर तवा तापला होता, पोळपाटावर पहिला उंडा ठेवलेला.

ताईने हात धुतले, पदराला पुसले, आणि ती ओट्यावर बसली. शेगडीच्या शेजारी, मोकळ्या जागी, डावा पाय समोर सरळ लांब करून. तेवढ्या उंचीवर तिला चौकट धरावी लागली नाही.

"बसायला अगदी बेताचा झालाय," ती म्हणाली.

मी लाटणं उचलायला पुढे झाले. तिने माझं मनगट धरलं. "चित्रे, तू हात लावायचा नाहीस. त्यांना बोलाव."

मी बोलावलं. भावोजी आत आले, तिला ओट्यावर बसलेली बघून त्यांचा चेहरा उतरला. दारातूनच दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, पानं वाढलीत. लोक खोळंबलेत. हे काय चालवलंयस?"

"मी बसलेय," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा जराही वर गेला नव्हता. "ओटा तुम्ही बांधलात. पोळ्याही तुम्हीच करा. मला आता वाकवत नाही."

"साहेब बाहेर आहेत."

"मग लवकर करा."

ते माझ्याकडे वळले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग ते खरोखरच कद सावरून वाकले आणि लाटणं हातात घेतलं. पोळी लाटायची तर कंबर मोडावी लागत होती, खाली बसावं तर ओटा छातीशी येत होता. त्यांनी दोन्ही करून पाहिलं. पुरण बाहेर आलं. तव्यावर टाकलेली पोळी फाटली आणि धूर झाला. मला त्यांची दया आली नाही, आणि त्याबद्दल मला काही वाटतही नाही.

धुराच्या वासाने की काय, साहेब हात धुवायचं निमित्त करून आत मोरीकडे आले. समोर ओट्यावर घरची बाई बसलेली आणि त्यांचा हेडक्लार्क रेशमी कदात दुमडलेला.

"अहो मधुसूदन, हे काय? आणि ओटा इतका बुटका कसा?"

भावोजी सरळ झाले. कपाळाला पीठ लागलं होतं. "गवंडी चुकला साहेब," ते म्हणाले. "सांगितलं एक, केलं भलतंच. उंच करूनच घेणार आहे आता. लगेच."

"गवंडी नाही चुकला," ताई बसल्या जागेवरून म्हणाली. "आठ थर होते. यांनी चार कापले."

साहेबांनी ओट्याकडे पाहिलं, ताईच्या सरळ पायाकडे पाहिलं. त्यांना हसायचं होतं की काय कोण जाणे, पण ते हसले नाहीत. हात धुऊन बाहेर गेले. त्या दिवशी पाहुणे आमटीभात आणि भजी जेवून गेले. रेडिओ कुणी लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजींना कचेरीच्या कामाने सुरतेला जायचं होतं. ते पहाटेच्या गाडीने गेले. ताईने त्याच सकाळी काळूरामला बोलावलं. साहेबांसमोर कबूल झालं आहे, वाढव थर, एवढंच तिने त्याला सांगितलं. काळूराम तोंडाने सारखा कुरकुरत होता, पण विटा त्याने भराभर चढवल्या. जुनी लादी उचलताना मात्र तिचा एक कोपरा तुटला, चांगला हातभर.

"नवी लादी आणावी लागंल," काळूराम म्हणाला. "मना पैसं कोन देनार? तुजं मालक तं नाय देनार, बाय."

ताई बाहेर गेली. मला वाटलं शेजारी उसने मागायला गेली. ती दाराशी उभी राहून पाटीकडे बघत होती.

"ही काढ," तिने काळूरामला सांगितलं.

"बाय, त्याच्यावर मालकाचा नाव हाय."

"पैसे चित्राचे आहेत. थरांसाठी दिले होते, थरांवरच जातील. नाव खालच्या बाजूला घाल."

काळूरामने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काढ. त्याने छिन्नी लावली. पाटी हलकेच निघाली, त्यानेच बसवलेली, चुन्यात वाळू जास्त होती. तुटलेल्या कोपऱ्यात ती नीट बसली. त्याने पाठीची बाजू दगडाने घासून दिली. भिंतीवर दाराशेजारी एक चौकोनी खड्डा राहिला.

चुना वाळेपर्यंत ताईने खालीच स्वयंपाक केला आणि एकदाही कण्हली नाही. भावोजी परतले त्या संध्याकाळी ती नव्या ओट्यापाशी उभी होती, आणि संगमरवराच्या पाठीवर तिचा पोळपाट होता. मला बाहेर पिशवी ठेवल्याचा आवाज आला. मग भावोजी स्वयंपाकघराच्या दारात आले.

"दाराशी माझं नाव होतं," ते म्हणाले. "कुठे आहे?"

ताईची पाठ सरळ होती. तिने वळून पाहिलं नाही, लाटणंही थांबवलं नाही.

"आहे की," ती म्हणाली. "पोळीखाली."